सोसायटीचं जीमेल हातात आलं, पण १५ जीबी भरलंय आणि फायली जुन्या सचिवांच्या ड्राइव्हवर

बी_विंग_सचिव
८४ फ्लॅटची सोसायटी, कमिटी नुकतीच बदलली. सोसायटीच्या जीमेलचा पासवर्ड मिळालाय. आत हजारो मेल, लेबल एकही नाही. गळतीच्या तक्रारी, वीजबिलं, लिफ्टच्या एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) कोटेशनं, सगळं एका ढिगात. १५ पैकी १४.६ जीबी भरलेत. सभासद यादी आणि मेंटेनन्सचं शीट जुन्या सचिवांच्या खासगी खात्यावर आहे, आम्हाला नुसतं शेअर केलंय. पैसे भरून जागा घ्यायची नाही असं ठरलंय. लेबलं कशी पाडावीत?

फाइलवाला
लेबलांचं नंतर बघू. पासवर्ड मिळाला म्हणजे खातं मिळालं असं नसतं. रिकव्हरीचा मोबाइल नंबर आणि मेल ज्याचा, खातं त्याचं. ते दोन्ही आधी बदला, मग पासवर्ड. नंबर बदलल्यावरही आठवडाभर जुन्या नंबरवर कोड जाऊ शकतो, म्हणून जुन्या सचिवांना कल्पना देऊन ठेवा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं) चालू करून, फोन हाताशी नसेल तेव्हासाठीचे १० बॅकअप कोड छापून ऑफिसच्या कपाटात ठेवा. एक कोड एकदाच चालतो, वापरला की खोडायचा.

खजिनदार-अध्यक्षांना पासवर्ड वाटू नका. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्सच्या टॅबवर 'ग्रँट ॲक्सेस टू युअर अकाउंट' आहे. तिथून त्यांचे जीमेल पत्ते जोडा. त्यांना मेल वाचता येतात, उत्तरं देता येतात (आणि डिलीटही करता येतात, हे विसरू नका), पण पासवर्ड बदलता येत नाही. हे काम कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमधून करायचं.

शीटची मालकी जुन्या सचिवांनीच सोडायला हवी: शेअर, तुमच्या नावापुढचा बाण, ट्रान्सफर ओनरशिप. मग सोसायटीच्या खात्यावर मेल येतो, तो स्वीकारल्याशिवाय काही होत नाही. लोक चुकतात ते इथे: फोल्डरची मालकी बदलली तरी आतल्या फायली जुन्याच मालकाकडे राहतात. फाइल उघडून 'मेक अ कॉपी' केलं तर कॉपी तुमची होते, पण कोणी कधी कोणता आकडा बदलला तो इतिहास जातो. हिशेबाच्या शीटला म्हणून मालकीच बदलून घ्या.

ढीगउपसा
१४.६ जीबी नुसत्या मेलांचे नसावेत. ही जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते, तेव्हा गूगल वनच्या स्टोरेज पानावर तिघांची वाटणी बघा. फोटोंचा आकडा मोठा निघाला तर सोसायटीचं खातं कोणाच्या तरी फोनमध्ये आहे आणि त्याचा बॅकअप इथे येतोय. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता याच जागेत मोजतात.

घाईने फोटो उडवू नका. त्या फोनवर बॅकअप चालू असताना इथून पुसलं तर फोनमधूनही जाऊ शकतं, आणि मग कोणाच्या नातवाच्या बारशाचे फोटो गेले यावरून विशेष सभा बोलवावी लागेल. आधी बॅकअप बंद करायला सांगा, फोटो उतरवून ज्याचे त्याला द्या, मग पुसा.

मेलांसाठी सर्चच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबा, साइझमध्ये १० एमबीपेक्षा जास्त निवडा. अटॅचमेंट ड्राइव्हवर 'सेव्ह' केल्याने जागा सुटत नाही, उलट तीच फाइल दोनदा मोजली जाते. जीमेलमध्ये अटॅचमेंट तेवढी काढता येत नाही, पूर्ण मेलच डिलीट करावा लागतो. म्हणून आधी पेनड्राइव्हवर उतरवा, मेल उडवा, ट्रॅश रिकामा करा. नाहीतर ३० दिवस ती जागा तशीच अडलेली राहते. हे लांबवू नका, १५ जीबी पूर्ण भरले की सभासदांचे मेल परत जायला लागतात.

बी_विंग_सचिव
खरंच, ९ जीबी फोटोच आहेत! मालकीचंही बोलून घेतलं. आता 'गळती' शब्दावर फिल्टर लावला, तर जेमतेम निम्मे मेल सापडतात. असं का?

शब्दशोध्या
जीमेल पूर्ण शब्द जुळवतं आणि मराठीत शब्दाला प्रत्यय लागतो. 'गळती' टाकलं की 'गळतीमुळे', 'गळतीची' सुटतात. शिवाय निम्मे सभासद रोमन लिपीत लिहितात, त्यातही प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. मजकुरावरून मराठी मेल गाळायचा नाद सोडा, पत्त्यावरून गाळा. सोसायटीच्या पत्त्यात ॲट चिन्हाच्या आधी अधिकचं चिन्ह टाकून 'तक्रार' हा शब्द रोमनमध्ये लिहा. मेल याच खात्यात येतो, वेगळं खातं काढावं लागत नाही. नोटीस बोर्डावर तोच पत्ता लावा. फिल्टरमध्ये 'टू'च्या चौकटीत तो पत्ता, आणि लेबल 'तक्रार'. वीजबिलाला 'फ्रॉम'वरून फिल्टर लावा, पण 'स्किप द इनबॉक्स'वर टिक करू नका. केलीत तर बिल लेबलाखाली शांत पडून राहतं आणि मुदत निघून जाते.

तक्रारींना गूगल फॉर्म त्याहून बरा. फक्त फ्लॅट नंबर ड्रॉपडाउनमधून निवडायला लावा. लिहायला दिलात तर 'बी ३०२', '३०२ बी विंग', '३०२' अशा तीन तऱ्हा येतील आणि शीटमध्ये एकाच घराच्या तीन नोंदी होतील. फोटो जोडायची सोय ठेवलीत तर भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं, आणि ते फोटो पुन्हा तुमच्याच १५ जीबीत.

फाइलवाला
नोटीस पाठवताना सभासदांचे पत्ते बीसीसीत टाका, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. कॉन्टॅक्ट्समध्ये 'सभासद' लेबल केलंत की एका शब्दात ८४ पत्ते येतात. फुकट खात्यावरून दिवसाला ५०० पत्त्यांपर्यंतच मेल जातात. पाच वेळा ८४ म्हणजे ४२०, त्यामुळे एका दिवसात सहावी नोटीस काढू नका.

कॅलेंडरमध्ये वार्षिक सभेची ३० सप्टेंबरची मुदत टाकलीत तर आठवण जास्तीत जास्त चार आठवडे आधीची लावता येते. तोवर ऑडिटचे कागद जमवायला उशीर झालेला असतो. नोटिशीला पूर्ण १४ दिवस सोडायचे तर सभा ३० तारखेची धरून ती १५ सप्टेंबरच्या आत निघायला हवी. म्हणून '१ जुलै – ऑडिटचे कागद' आणि '१० सप्टेंबर – नोटीस' अशा वेगळ्या, दरवर्षी येणाऱ्या नोंदी करा, सोसायटीच्याच खात्यावर. स्वतःच्या केल्यात तर पुढच्या सचिवांना दिसणार नाहीत.