पांढऱ्या रंगातून वर येणारे पिवळे डाग
लाकडी कपाटांची दारे पांढरी रंगवताना ती काचपेपरने नीट घासली की कोणताही प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, चालतो, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. घासल्याने रंगाला पकड मिळते. परंतु ओक किंवा महोगनीसारख्या लाकडातील टॅनिन हे नैसर्गिक द्रव्य पाण्यात विरघळते, त्यामुळे पाण्यावर आधारित प्रायमर लावल्यास ते ओलाव्याबरोबर वर येते आणि पांढऱ्या रंगावर पिवळसर-तपकिरी डाग उमटतात, जे आणखी थर देऊनही सहसा झाकले जात नाहीत. अशा ठिकाणी लाखेचा, म्हणजे शेलॅकचा प्रायमर वापरावा. तो स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, विरघळवलेला असल्याने लवकर सुकतो आणि त्याचा थर टॅनिनला रोखतो. वास मात्र उग्र असतो व वाफा ज्वालाग्राही असतात, म्हणून खिडक्या उघड्या आणि शेगडी बंद ठेवणे आवश्यक आहे.