मदत हवी आहे: युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतला एनरॉफ आजच्या लिनक्सवर, टर्मिनलचा तक्ता वाचतच नाही

नमस्कार मंडळी,

युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतला, म्हणजे जानेवारी १९७९ चा मूळ एनरॉफ (मजकूर मांडून टर्मिनलवर दाखवणारा प्रोग्रॅम) ६४ बिटी लिनक्सवर चालवायचा प्रयत्न करतोय. त्या आवृत्तीची मॅन पेजेस (कमांडची माहिती देणारी पानं) ज्या प्रोग्रॅमसाठी लिहिली गेली, त्याच प्रोग्रॅममधून टर्मिनलवर वाचायची आहेत. सोर्स युनिक्स हेरिटेज सोसायटीच्या संग्रहातला आहे. कॅल्डेराने २००२ मध्ये जुन्या युनिक्सचा परवाना खुला केला, त्यामुळे त्या बाजूने अडचण नाही.

'ग्रॉफ आहे ना, मग हे कशाला?' असं कोणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. ग्रॉफ, म्हणजे याच प्रोग्रॅमचा आजचा अवतार, मी रोज वापरतो. जेम्स क्लार्क यांनी तो नव्याने सी प्लस प्लसमध्ये लिहिला आणि फार चांगला लिहिला. मॅन पेजेस दाखवणारा दुसरा प्रोग्रॅम मॅनडॉकही मशीनवर आहे. पण जोसेफ ओसाना यांनी १९७३ मध्ये कॅट फोटोटाइपसेटरसाठी (छपाईची अक्षरजुळणी करणारं यंत्र) केलेला ट्रॉफ आणि त्याचा टर्मिनलवर चालणारा जुळा भाऊ एनरॉफ, ही या सगळ्याची मूळ जागा. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवाल्यांना पीडीपी-११ संगणक मिळालं तेच मजकूर मांडून देण्याच्या कबुलीवर, आणि ती सोय वापरणारी पहिली माणसं पेटंट विभागातले टायपिस्ट होते. ओसाना १९७७ मध्ये गेले. त्यांचा कोड नुसता संग्रहात पडून राहू नये, तो चालताना दिसावा, असं मला मनापासून वाटतं.

आता अडचण. कंपाइलपर्यंत आलोय. सी कंपाइलर जीसीसीच्या १४ व्या आवृत्तीपासून प्रकार न लिहिलेली फंक्शन्स थेट एरर देतात, म्हणून जुनं १९८९ चं सी मानक निवडलं. कोडमध्ये इंट आणि पॉइंटर एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेत, म्हणून ३२ बिटी बिल्ड केला. आता प्रोग्रॅम सुरू होतो, मॅक्रोची (मांडणीच्या तयार आज्ञांची) फाइलही वाचतो, पण पडद्यावर नुसता कचरा येतो.

मला वाटतं घोळ टर्मिनलच्या तक्त्यात आहे. एनरॉफ प्रत्येक टर्मिनलसाठी वेगळा तक्ता उघडतो. काही सांगितलं नाही तर टेलिटाइप मॉडेल ३७ चा. हा तक्ता म्हणजे साधी मजकूर फाइल नाही, कंपाइल केलेली ऑब्जेक्ट फाइल आहे. प्रोग्रॅम ती उघडतो, सुरुवातीचे आठ इंट हेडर म्हणून बाजूला काढतो आणि पुढचा भाग जसाच्या तसा स्ट्रक्चरमध्ये ओततो. पीडीपी-११ वर हेडर बरोबर आठ शब्दांचं, म्हणजे १६ बाइटचं होतं. माझ्याकडे जीसीसीने दिलेली ईएलएफ (लिनक्सचा आजचा ऑब्जेक्ट फाइल प्रकार) फाइल आहे, तिचं हेडर वेगळं आणि आतली रचनाही वेगळी.

विचारायचं असं:

पहिलं, जुन्या धाटणीची ऑब्जेक्ट फाइल आज बनवता येईल का, की तक्ता वाचायचा भागच बदलू?

दुसरं, नवीन पेजेसचं काय? एका पेजमध्ये चौकटी कंसात लांब नाव असलेलं रजिस्टर (आकडा साठवायची जागा) होतं. जुन्या एनरॉफला एक किंवा दोन अक्षरांचीच नावं कळतात. त्याने उघडता चौकटी कंस हेच नाव धरलं, त्याची किंमत शून्य छापली आणि उरलेलं नाव बंद कंसासकट मजकुरात आणून सोडलं. बीएसडीची (युनिक्सची दुसरी शाखा) पेजेस तर जवळजवळ रिकामी येतात, कारण ओळखीचा नसलेला मॅक्रो तो गुपचूप गाळतो.

(देवनागरी वगैरे चालवायचा विचार नाही. अक्षरांच्या तक्त्यात २५६ पलीकडे जागाच नाही.)

प्रतिसाद

ऑब्जेक्ट फाइलच्या मागे लागू नका. हेडर जुळवलंत तरी काम होणार नाही. तक्त्यात अक्षरांच्या स्ट्रिंगचे पत्ते आहेत. जुन्या फाइलमध्ये ते आकडे तयार भरलेले असायचे आणि एनरॉफ त्यात फक्त सुरुवातीचा पत्ता मिळवायचा. ईएलएफमध्ये लिंकरने भरेपर्यंत त्या जागी अंतिम पत्ते नसतात. सरळ मॉडेल ३७ च्या तक्त्याची सी फाइल एनरॉफसोबतच लिंक करा, फाइल उघडायचा भाग काढा आणि पत्ते मिळवणारा लूपही काढा. तो लूप राहिला तर पत्ते दुसऱ्यांदा वाढतील.

स्ट्रिंगना हात लावू नका. प्रत्येकीचा पहिला बाइट छापायचं अक्षर नसतो. त्यात रुंदी असते, आणि वरचा बिट लागला असेल तर तिरप्या टाइपात त्या अक्षराखाली रेघ येते.

यानंतर एक अडचण नक्की येईल. मॉडेल ३७ ला एस्केप ७ म्हणजे एक ओळ मागे आणि एस्केप ८ म्हणजे अर्धी ओळ मागे. आजची टर्मिनल्स व्हीटी१०० च्या वळणाची, त्यांना एस्केप ७ म्हणजे कर्सरची जागा लक्षात ठेव आणि एस्केप ८ म्हणजे त्या जागी परत जा. त्यामुळे आउटपुट थेट टर्मिनलवर सोडू नका, आधी कॉलमधून (उलट्या ओळी सरळ करणारी कमांड) काढा आणि मग लेसला (पानं वाचायची कमांड) द्या. ठळक अक्षरं बॅकस्पेस मारून दुबार छापलेली असतात, ती लेसला अजूनही कळतात.

बीएसडीच्या पेजेससाठी मॅनडॉक तुमच्याकडे आहेच. त्याला आउटपुट मॅनच्या रूपात द्यायला सांगा, एमडॉकचं (बीएसडीच्या वेगळ्या मॅक्रोंचं) पेज साध्या मॅन मॅक्रोंमध्ये मिळेल. मग ते जुन्या एनरॉफला द्या. लांब नावांच्या रजिस्टरवर मात्र सोपा उपाय नाही. ती पेजेस ग्रॉफवरच वाचावीत असं माझं मत आहे.

आणि सिमएचमध्ये (जुन्या संगणकांची नक्कल करणारा प्रोग्रॅम) सातवी आवृत्ती चालवून तेच पेज तिथे काढा, दोन्ही आउटपुट डिफ करून (फरक दाखवणारी कमांड) बघा. डोळ्यांनी तुलना करण्यावर विसंबू नका.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. तक्ता लिंक केला, लूप काढला, आणि एलएस कमांडचं पेज पूर्ण आलं. दोन्ही बाजूंच्या कडा सरळ, जिथे गरज तिथे शब्दांमधली जागा वाढवलेली, सगळं अपेक्षेप्रमाणे. सिमएचच्या आउटपुटशी डिफ केला, फरक शून्य. कॉलबद्दल आधीच सांगितलंत ते बरं झालं.

आता एकच राहिलं. मांडणी ६६ ओळींच्या पानांची असल्यामुळे मोठ्या पेजमध्ये मधेच तळओळ, मग मोकळी जागा आणि पुन्हा शीर्षओळ येते. लेसला मोकळ्या ओळी दाबायला सांगितलं की जागा जाते, पण त्या दोन ओळी मजकुरात तशाच राहतात. मॅन मॅक्रोंच्या मूळ फाइलमध्ये बदल न करता सबंध पेज एकाच लांब पानावर काढायचा मार्ग कोणाला माहीत आहे का?