प्रवाळ शोधत बसू नका

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या आयल ला मॉट बेटावर "प्रवाळभित्ती म्हणून गेलो आणि प्रवाळ जवळपास दिसलेच नाहीत", ही तक्रार समजू शकतो, पण दोष बेटाचा नाही. शॅम्प्लेन सरोवरातल्या या बेटावरची जीवाश्म झालेली चेझी भित्ती ४५ कोटी वर्षांहून जुनी. ती रचायला घेतली ब्रायोझोआंनी, म्हणजे वसाहतीने राहणाऱ्या चिमुकल्या जलचरांनी, पुढे स्ट्रोमॅटोपोरॉइड म्हणजे स्पंजांचे भाऊबंद आले. प्रवाळ तेव्हा नवखे पाहुणे! बेटावरच्या फिस्क खाणीच्या भिंतीत चिरलेल्या कोबीसारखे पापुद्रे दिसतात, ते या स्ट्रोमॅटोपोरॉइडचे. बेटावरच्याच गुडसेल रिज या जीवाश्मांच्या राखीव जागेत भर दुपारी आम्हालाही राखाडी दगडापलीकडे काही दिसेना. मुलीने बाटलीतलं पाणी ओतलं आणि मॅक्ल्युराइट्स गोगलगायीचं वेटोळं एकदम उठून आलं. त्यामुळे पाणी न्या. दगड उचलून आणायला मात्र बंदी आहे.

आणि बोटीची चिंता नको, बेटावर पुलावरून गाडी जाते. तेवढंही जमत नसेल तर माँटपेलियरला व्हरमाँटच्या विधानभवनात जा. तिथल्या काळ्या-पांढऱ्या फरशीतल्या काळ्या लाद्या याच बेटावरच्या चुनखडीच्या, फक्त घासून चकचकीत केल्यामुळे बाजारात 'काळा संगमरवर' म्हणून खपलेल्या. त्यांत जीवाश्म स्वच्छ दिसतात. आम्ही तिथे अर्धा तास खाली माना घालून फिरत होतो.