सेवाज्येष्ठतेचा नियम आणि कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नोकऱ्या

धागा मांडणारी : अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रीची नोकरीतील अडवणूक वंशभेद आणि स्त्रीभेद अशा दोन वेगळ्या खात्यांत टाकली, की ती कुठल्याच खात्यात पुरती दिसत नाही, असे माझे ठाम मत आहे. सेंट लुईस येथील जनरल मोटर्सच्या कारखान्याने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना जवळजवळ दारातच उभे केले नव्हते. १९७० नंतर ज्यांना घेतले, त्या सगळ्या मंदीतील कपातीत सेवाज्येष्ठतेच्या नियमाने, म्हणजे सर्वांत शेवटी आलेल्याला सर्वांत आधी काढायचे या नियमाने, बाहेर फेकल्या गेल्या. एमा डीग्राफेनरीड आणि इतर चौघी न्यायालयात गेल्या, तेव्हा १९७६ साली त्यांना सांगण्यात आले, की कंपनीत स्त्रिया पूर्वीपासून आहेत, म्हणून स्त्रीभेद झालेला नाही. वंशभेदाची तक्रार त्यांनी कंपनीविरुद्धच्या दुसऱ्या एका दाव्यात जोडावी, असेही सांगण्यात आले. पूर्वीपासून असलेल्या त्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि कचेरीत काम करत होत्या, हे न्यायालयाला महत्त्वाचे वाटले नाही.

प्रतिसाद (विरोधी) : मुकादमाची मर्जी सांभाळण्यापासून कामगाराची सुटका ज्या नियमाने केली, त्याला आपण सहज आरोपी करत आहात. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानेच प्रामाणिक, म्हणजे भेदभावाच्या हेतूने न केलेल्या, ज्येष्ठता पद्धतीला संरक्षण दिले आहे. शिवाय वंश आणि लिंग जोडले, की उद्या धर्म आणि वयही जोडावे लागेल. मग या जोडण्यांना अंत कुठे?

धागा मांडणारी : नियमाचे मोल मला ठाऊक आहे, परंतु तो जी वर्षे मोजतो, ती वर्षे मिळवण्याची वाटच या स्त्रियांसाठी बंद होती. जोडण्यांच्या भीतीचे म्हणाल, तर १९८० साली पाचव्या सर्किटच्या (अमेरिकेतील एका न्यायविभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने कृष्णवर्णीय स्त्रियांविरुद्धचा भेदभाव स्वतंत्रपणे मान्य केला, आणि त्यामुळे कज्ज्यांचा महापूर आला नाही. अडवणुकीचे रूप मात्र बदलत राहिले. २०१० मध्ये अलाबामातील मोबील शहरात चॅस्टिटी जोन्स हिला नोकरी देऊ केली गेली, आणि जटांसारखे गुंफलेले केस कापायला तिने नकार देताच ती काढून घेण्यात आली; तसले केस विसकटतात, एवढेच कारण तिला सांगितले गेले.

दुसरा प्रतिसाद (विरोधी) : केशरचना बदलता येते, त्वचेचा रंग बदलता येत नाही, हा जोन्सच्या खटल्यातील २०१६ च्या अपील निकालातील भेद मला योग्य वाटतो.

धागा मांडणारी : ज्यांचे केस जन्मतःच सरळ आहेत, त्यांना हा नियम पाळायला काहीच करावे लागत नाही, जोन्सला मात्र आपल्या केसांची नैसर्गिक ठेवणच मोडावी लागली असती. नैसर्गिक केस आणि अशा केशरचनेवरून होणारा भेदभाव रोखण्यासाठीच कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला.

पहिला प्रतिसादक : केसांबाबतचा कायदा मला मान्य आहे. ज्येष्ठतेच्या यादीबाबत माझा आग्रह कायम आहे : ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांची भरपाई कंपनीने आपल्या तिजोरीतून करावी, शेजारच्या यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराच्या नोकरीतून नव्हे.