तातडीने मदत हवी: पुण्यात चांगली खाजगी को-एड शाळा

कृष्णाकाठची
नमस्कार. माझी बदली पुण्याला झाली आहे आणि एप्रिलपासून शाळा हवी आहे. खाजगी, को-एड, शिकवणं चांगलं असलेली. गेले पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत रोज फोन करते आहे. अर्ध्या ठिकाणी कोणी उचलत नाही, बाकीचे वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म भरायला सांगतात. फॉर्म भरला की दुसऱ्या दिवशी कोणीतरी फोन करून स्विमिंग पूल आणि स्मार्ट बोर्डाबद्दल दहा मिनिटं बोलतं. जागा आहे का, एवढंच विचारलं की "एकदा कॅम्पस बघायला या." मी बंगलोरला आहे, दर वेळी रजा टाकून येणं जमत नाही. एका शाळेने तर दर मुलामागे ७५ हजार 'बिल्डिंग फंड' मागितला, तोही रोख, पावती नाही.
कृपया नावं सुचवा. को-एडच हवी, त्यात बदल नाही. आज-उद्या कळलं तर शनिवारी येण्याचं तिकीट काढता येईल.

पर्वतीपायथा
कितवीला? बोर्ड कुठलं? पुण्यात कुठे राहणार? वाघोलीला राहून बावधनची शाळा मुलाच्या जिवावर येईल. फीचा अंदाज पण सांगा. एवढं कळल्याशिवाय नाव सुचवण्यात अर्थ नाही.

सदाशिवपेठी
ज्ञान प्रबोधिनी. डोळे मिटून. माझा भाचा तिथलाच. शाळा नुसता अभ्यास घेत नाही, मुलांना उभं राहून बोलायला शिकवते. गावोगावी नेतात, सर्वेक्षणं करायला लावतात. मुलं-मुली एकत्र आहेत, सीबीएसई आहे.

टेकडीवरचा
प्रबोधिनीत पाचवीला प्रवेश परीक्षा देऊन जावं लागतं. इथे कितवी ते अजून कळलेलं नाही.

अबोली_कोथरूड
माझं ऐकाल तर मराठी माध्यमाचा विचार करा. अक्षरनंदन बघा, सेनापती बापट रस्त्याला. माझी दोन्ही मुलं तिथे शिकली. मुलगी आज इंग्रजीत संशोधनाचे पेपर लिहिते, तिचं काही अडलं नाही. खाजगी म्हणजे इंग्रजीच, हे आपण का धरून चाललो आहोत?

कृष्णाकाठची
नववी. सीबीएसई, इंग्रजी माध्यम, बंगलोरलाही तेच आहे. ऑफिस खराडीला. घर अजून घेतलेलं नाही. दोघांची मिळून फी बससकट वर्षाला साडेतीन लाखांपर्यंत झेपेल. अबोलीताई, तुमचं पटतं, पण नववीत माध्यम बदलायची हिंमत माझ्यात नाही.

पर्वतीपायथा
नववी! हे पहिल्यांदा सांगायचं हो. नववीचा प्रवेश पहिलीसारखा नसतो. सीबीएसईत एका तुकडीला साधारण ४० ची मर्यादा आहे, म्हणजे बहुतेक वेळा कोणी सोडून गेलं तरच जागा होते. म्हणून फोनवर कोणी स्पष्ट सांगत नाही. निकाल लागून दाखले निघेपर्यंत त्यांनाही नक्की माहीत नसतं.

हुजूरपागेची_माजी
मुलगी असेल तर मुलींच्या शाळेचा विचार करून बघा. मी हुजूरपागेत शिकले, १८८४ ची शाळा. वर्गप्रमुख मुलगी, क्रीडाप्रमुख मुलगी, गॅदरिंगला नाटकातला राजासुद्धा मुलगीच. नेतृत्व कोणी दिलं नाही, ते आमच्याकडेच होतं. पुढे कॉलेजात पहिल्या बाकावर बसून प्रश्न विचारणाऱ्या आम्हीच असायचो. नववी-दहावीच्या वयात मुलींना अशी मोकळी जागा लागते.

निळी_सायकल
याच्याशी मी सहमत नाही. मी मुलांच्या शाळेत होतो. दहावीपर्यंत घरच्या बायकांशिवाय कुणाशी बोललोच नव्हतो. अकरावीत प्रयोगाच्या जोडीला मुलगी आली, तर मी अख्खं वर्ष तिच्या वहीकडे बघून 'हो' आणि 'नाही' एवढंच बोललो. माझ्या मुलाच्या बाबतीत हे होऊ नये म्हणून त्याला को-एडमध्ये घातलं आणि चांगलं केलं.

हुजूरपागेची_माजी
तुमचा अनुभव मुलग्याचा आहे. मी मुलींबद्दल बोलते आहे.

गणिताचे_सर
मी ३१ वर्षं शिकवलं, त्यातली १९ को-एड शाळेत. तुम्हा दोघांचंही बरोबर आहे, पण शाळेच्या पाटीवर को-एड लिहिलं म्हणून ती को-एड होत नाही. मधल्या सुट्टीत जाऊन बघा. मैदान कुणाच्या ताब्यात आहे? सगळी मुलं मैदानात आणि मुली जिन्यावर डबा खात बसल्या असतील, तर त्या एका इमारतीत भरणाऱ्या दोन शाळा समजा. प्रयोगशाळेत चंचुपात्र कुणाच्या हातात आणि वही कुणाच्या हातात, तेही बघा. आमच्याकडे मी नियम केला होता की लिहिणारा आणि करणारा दर आठवड्याला बदलायचा. पहिल्या महिन्यात मुलींनी ब्युरेटची तोटी फिरवायला हातच लावला नाही. दिवाळीनंतर त्या सोडेनात.
आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी लागते का, पाणी आहे का, झाकणाची कचरापेटी आहे का, हे आईने स्वतः आत जाऊन बघायचं. मुख्याध्यापकांना वाईट वाटलं तरी चालेल.

ऊन_पाऊस
आरटीईमधून, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातून अर्ज करा. खाजगी शाळेत २५ टक्के जागा राखीव असतात, फी लागत नाही. ऑनलाइन लॉटरी निघते. उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा तयार ठेवा.

टेकडीवरचा
ते पहिली किंवा पूर्वप्राथमिकच्या प्रवेशालाच. नववीला नाही.

एसएससीवाला
सीबीएसईचा हट्ट सोडा, राज्य मंडळात घाला. मराठी मुलांना सोपं जातं, बेस्ट ऑफ फाइव्ह मिळतं (सर्वात चांगल्या पाच विषयांचे गुण धरतात), आणि अकरावीला यायचंच आहे ना महाराष्ट्रात? २०२५ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश अख्ख्या राज्यात झाला आहे. शिवाय शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे तुम्हाला दोन महिने जास्त मिळतील.

पर्वतीपायथा
अकरावीला सीबीएसईची मुलंही त्याच ऑनलाइन प्रक्रियेतून जातात, त्यासाठी बोर्ड बदलायची गरज नाही. दोन महिने जास्त मिळतात हा मुद्दा मात्र खरा आहे.

कृष्णाकाठची
बोर्ड बदलायचं नाही. कृपया शाळा सांगा. आणि मुलगी का मुलगा हा वाद थांबवा, दोघं आहेत. जुळे आहेत, एक मुलगी, एक मुलगा. म्हणून को-एड. घरात इतकी वर्षं "दोघांची शाळा" असंच बोलतो, त्यामुळे वेगळं लिहायचं सुचलंच नाही. नवरा ऑगस्टपर्यंत बंगलोरलाच असेल. मी एकटी दोघांना घेऊन येते आहे. एक बस, एक वेळापत्रक, एक पालकसभा, एवढंच मला झेपणार आहे. आणि प्रत्येक शाळा हेच सांगते: "एक सीट होऊ शकते."

निळी_सायकल
अहो ताई, आता समजलं. अडचण दोन जागांची आहे.

हुजूरपागेची_माजी
माझा सल्ला मागे घेते. नववीच्या जुळ्यांना एकाच शाळेत ठेवा, नव्या शहरात तर नक्कीच.

खराडी_बायपास
आमची मुलगी दोन वर्षांपूर्वी हैदराबादहून नववीलाच आली. मी केलं ते सांगतो. फोन बंद करा. मुख्याध्यापकांना ईमेल लिहा, विषयातच "नववी, दोन जागा, जुळी भावंडं, सीबीएसईतून सीबीएसई" असं टाका. सहावी ते आठवीच्या गुणपत्रिका जोडा. अ‍ॅडमिशनच्या डेस्कवर बसलेल्यांना नववीचं काही माहीत नसतं, त्यांचं सगळं लक्ष नर्सरीकडे. आम्हाला तीन दिवसांत मुख्याध्यापकांचं उत्तर आलं, परीक्षेची तारीख धरून. परीक्षा इंग्रजी, गणित आणि विज्ञानाची, आठवीच्या अभ्यासक्रमावर.
आणि घर आधी घेऊ नका. शाळा ठरली की तिच्या जवळ घर बघा. विमाननगर, वडगाव शेरी, खराडी, या पट्ट्यातच राहा. कोथरूडला स्वस्तात घर मिळेल असं कोणी सांगेल, ऐकू नका. वनाजपासून मेट्रो आहे खरी, पण ती रामवाडीला संपते, पुढे खराडीपर्यंत रिक्षा किंवा बस करावी लागते.

अबोली_कोथरूड
कोथरूडला स्वस्तात घर कुठे मिळतं आता?

कॅम्पातला
कल्याणीनगरची बिशप्स बघा. कॅम्पातली फक्त मुलांची आहे, पण कल्याणीनगर आणि उंड्रीची को-एड आहे. खराडीहून जवळ.

टेकडीवरचा
तिचं बोर्ड आयसीएसई. ताईंनी बोर्ड बदलायचं नाही असं दोनदा सांगितलं.

ऊन_पाऊस
मग नववी बंगलोरलाच होऊ द्या, नवराही तिथे आहे. दहावीला या.

खराडी_बायपास
हे अजिबात करू नका. सीबीएसईत दहावीची नोंदणी नववीतच होते. दहावीला थेट प्रवेश बदलीसारख्या कारणांनीच मिळतो, तोही बोर्डाच्या मंजुरीने. यायचं असेल तर आत्ताच या.

पर्वतीपायथा
त्या बिल्डिंग फंडाचं काय केलंत? आरटीई कायद्यात देणगी घ्यायला बंदी आहे. शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करा.

गणिताचे_सर
थोडी दुरुस्ती करतो. आरटीई आठवीपर्यंत, म्हणजे नववीला तो दाखवला की शाळा हसून वाटेला लावते. नववीला लागू होतो तो महाराष्ट्राचा १९८७ चा कॅपिटेशन फी (प्रवेशासाठीची देणगी) बंदीचा कायदा, त्याचं नाव घ्या. फीसाठी २०११ चा वेगळा कायदा आहे. त्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. तेव्हा "यंदाच्या फीला समितीची मान्यता कधी झाली? या दोन वर्षांतलं पहिलं वर्ष का दुसरं?" असं विचारा. दुसरं असेल तर पुढच्या वर्षी वाढ येणार हे धरून साडेतीन लाखांचा हिशोब करा.

कृष्णाकाठची
सर, हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्या शाळेचा नाद सोडला आहे. पावतीशिवाय ज्यांना पैसे हवेत त्यांच्या हाती मुलं द्यायची नाहीत. कालच सहा ईमेल पाठवले, विषय खराडीदादांनी सांगितला तसाच. दोन उत्तरं आली, शनिवारी बोलावलं आहे!!
मराठीचं कसं करायचं? दोघांना बोलता येतं, पण शाळेत हिंदी आणि कन्नड होतं.

खराडी_बायपास
२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांना दहावीपर्यंत मराठी शिकवावी लागते. त्याचं मूल्यमापन कसं करतात ते शाळेला विचारा. हिंदी येतं म्हणजे देवनागरी लिहिता येतं, ते मोठं काम झालेलंच आहे.

निळी_सायकल
माझ्या बहिणीचा मुलगा हुबळीहून आला होता. कन्नडमुळे 'ळ' अगदी स्वच्छ बोलायचा, पण हिंदीची सवय म्हणून लिहायचा 'ल'. 'शाला', 'फला', 'बाल'. बहिणीने फ्रिजवर रोज एक 'ळ'चा शब्द लिहायला लावला. सुट्टी संपेपर्यंत सुटला.

अबोली_कोथरूड
किती छान. लहानपणी वाचनालयातून आणलेली पुस्तकं आम्ही मोठ्याने वाचायचो. तसंही करा.

एसएससीवाला
बससाठी घाई करू नका. राज्याचे २०११ चे स्कूल बसचे नियम आहेत, मुली असतील तर बसमध्ये बाई अटेंडंट असायला हवी. ती शेवटच्या थांब्यापर्यंत असते का ते विचारा. माझ्या पुतणीच्या बसमध्ये ती चौथ्या थांब्यालाच उतरायची, कारण तिचं घर तिथे होतं. पुतणीचा थांबा अकरावा.

कृष्णाकाठची
शनिवारी दोघांना घेऊन गेले होते. पहिल्या शाळेत एकच जागा, तिथे परीक्षाही घेतली नाही. दुसरीकडे परीक्षा झाली आणि दोन जागा आहेत, पण वेगवेगळ्या तुकड्यांत.
सरांनी सांगितलं तसं मधल्या सुट्टीपर्यंत थांबले. अर्ध्या मैदानावर मुलीच फुटबॉल खेळत होत्या. आमच्या मुलीने पीटीच्या सरांना जाऊन विचारलं, "हे रोज असतं का?" त्यांनी खिशातून घडी घातलेलं वेळापत्रक काढलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार मुलींचा फुटबॉल, शेजारी वर्गांची नावं, कागद घामाने मऊ झालेला. मला पाहायला मिळेल म्हणून कुणी तो छापला नव्हता. स्वच्छतागृहात जाऊन आले. तीनपैकी दोन कड्या लागत होत्या. तिसरीबद्दल मुख्याध्यापिकांना सांगितलं तर त्यांनी माझ्यासमोर शिपाईकाकांना बोलावलं.
वेगळ्या तुकड्यांवरून मी अडून बसणार होते. बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, वेगळीच मागून घे ना. बंगलोरला सगळे मला तिचा भाऊच म्हणायचे." मुलगी म्हणाली, "मला पण चालेल, डबा एकत्र खाऊ." आठ वर्षं एका वर्गात होते, मला हे कळलंच नव्हतं.
फीच्या मान्यतेचं विचारलं, पहिलं वर्ष आहे. बस धरून तीन लाख चाळीस हजार होतात. सोमवारी पैसे भरणार. दाखल्याचं काय लागतं, एवढं शेवटचं सांगा.

खराडी_बायपास
अभिनंदन! दाखला राज्याबाहेरचा आहे, तर त्यावर प्रतिस्वाक्षरी लागेल का हे नव्या शाळेच्या ऑफिसात आधी विचारा आणि बंगलोर सोडायच्या आत करून घ्या. त्या एका शिक्क्यासाठी मला हैदराबादला परत जावं लागलं होतं. दोघांचे यू-डायसचे (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतले) पेन नंबर, म्हणजे विद्यार्थ्याचे कायमचे क्रमांक, लिहून घ्या. जुन्या शाळेने तिथून नावं सोडल्याशिवाय नव्या शाळेला ती चढवता येत नाहीत.

गणिताचे_सर
आणि नववीच्या नोंदणीचा कागद सहीला आला की दोघांची नावं, आई-वडिलांची नावं, जन्मतारीख अक्षर न् अक्षर तपासा. जुळ्यांची तारीख एक, आडनाव एक, त्यामुळे फोटो आणि पहिलं नाव हमखास उलटसुलट होतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच छापून येतं.

कृष्णाकाठची
पहिलीत झालं होतं तसं, एक सत्र मुलीच्या प्रगतिपुस्तकावर मुलाचा फोटो होता. तपासते. सरांचे आणि सगळ्यांचे आभार. खराडीदादा, त्या भागात दोन खोल्यांचं घर असेल तर कळवा, शाळेपासून पायी अंतरावर.