दोन भावांच्या चोरीची कॉमेडी लिहितोय, भाऊच जमत नाहीयेत

प्रश्न:
दोन भाऊ चोरी करायला निघतात नि सगळा घोळ होतो अशी स्क्रिप्ट लिहितोय. मोठा सरळमार्गी, घाबरट, धाकटा एकदम बिनधास्त. प्लॅन छान जमलाय पण भावांचं काय होतंय की एक म्हणतो नको, दुसरा म्हणतो चल रे, वीस पानं हेच चाललंय आणि हसू येत नाही. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १:
तुझा घोळ होतो कशाने ते सांग आधी. गाडी बंद पडली, अचानक पोलीस आले असलं काही असेल तर तिथे भाऊ कशाला, कोणीही दोघं चालतील. ज्याचा जो स्वभाव त्यानेच प्लॅन फसला पाहिजे. मोठ्याला कुलूप तीनदा ओढून बघायची सवय आहे समज, तर चोरी करून बाहेर आल्यावरही तो कुलूप बघायला मागे फिरणार.

प्रतिसाद २:
+१. 'लोगन लकी' (२०१७) बघ याच्यासाठी. धाकट्याचा एक हात इराकमध्ये गेलेला, कृत्रिम हात लावून बारमध्ये काम करतो आणि आपल्या घराण्याला शाप आहे यावर पक्का विश्वास. मोठ्याची नोकरी गेलीये पण चोरीचे नियम कागदावर लिहून तयार. रेस ट्रॅकवरचा पैसा पाइपांतून हवेच्या जोरावर तिजोरीत जातो हे त्याला तिथल्या बांधकामावर असताना कळलेलं. मग पैसे उलटे ओढायला लागतात तर धाकट्याचा हातच आत खेचला जातो! तो हात दुसऱ्या कोणाचा असता तर एवढी मजा आली नसती.

प्रतिसाद ३:
'कमीने' (२००९) पण. शाहिद कपूर डबल रोल, जुळे, एक अडखळत बोलतो, दुसरा 'स'चा 'फ' करतो. चेहरा एकच म्हणून याच्या भानगडीत तो अडकतो. आणि प्लीज एकाला मूर्ख करू नकोस, दोघांचंही आपापल्या जागी बरोबर वाटलं पाहिजे, तरच भांडण रंगतं.

प्रश्नकर्ता:
थँक्यू सगळ्यांना, रात्रभर हेच डोक्यात होतं. आता असं केलंय की कर्ज आहे तेवढेच पैसे उचलायचे असं ठरलेलं असतं, पण मोठा घरी येऊन मोजतो तर जास्त निघतात आणि तो वरचे परत ठेवायला निघतो, धाकटा त्याला अडवायला मागे पळतो, म्हणजे दोघं परत आत. पकडले जातात का ते अजून ठरवलं नाही, पण पहिल्यांदाच लिहिताना मला स्वतःला हसू आलं.