ॲक्टिव्हावर मावेल असा गिटार ॲम्प हवाय, प्रॅक्टिस आणि गिग दोन्हीला चालेल असा

फोंड्याची_तार

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही. आमचा चौघांचा बँड आहे, मी गिटार, कीबोर्ड वाजवत गाणारी एक ताई, एक कहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका) आणि एक घुमट (आमचं गोव्याचं मातीचं तालवाद्य). अभंग, भावगीतं, जुनी हिंदी आणि आमची स्वतःची तीन-चार गाणी. प्रॅक्टिस आमच्या पडवीत, कार्यक्रम म्हणाल तर चवथीत देवळाच्या मंडपात, जत्रेला, डिसेंबर-जानेवारीत मोरजी आश्वेच्या बाजूला शॅकवर (किनाऱ्यावरच्या झावळ्यांच्या हॉटेलात), कधी लग्नाच्या हॉलात.

माझ्याकडे मामाने दिलेला जुना ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) आहे, वीसेक किलोचा. आवाज सुंदर, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण गेल्या महिन्यात गाडी लांब लावायला लागली आणि शॅकपर्यंत वाळूतून दोनशे पावलं तो एका हातात घेऊन गेलो, पाय रुततायत, हँडल बोटांत घुसतंय, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताच येईना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की बारा किलोच्या वर काही उचलायचं नाही. बहुतेक वेळा मी स्कूटरवरच जातो, पाठीला गिटार आणि पायाजवळ ॲम्प, त्यामुळे आकारही लहान हवा.

प्रश्न असे की किती वॅट पुरतात? आठ इंची स्पीकर चालतो का की बाराच हवा? आणि ट्यूब सोडून दिली तर मला त्रास होईल का, कारण मला आवडतो तो थोडासा तुटणारा क्लीन आवाज, म्हणजे स्वच्छ पण जोरात छेडलं की किंचित फाटणारा. बजेट तीस-पस्तीस हजार, सेकंडहँड चालेल.

डिचोलीचा_साउंडवाला

वॅट किती हे आधी डोक्यातून काढ रे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम कानाला जाणवेल इतका. कानाला दुप्पट मोठं वाटायला १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट लागतात. म्हणजे ५० चा सोडून १०० चा घेतलास तर वजन आणि पैसे वाढतील, आवाज फारसा नाही. उलट स्पीकर बघ. एका वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबल देणारा स्पीकर आणि १०० देणारा स्पीकर, या दोघांत जो फरक आहे तो वॅट दुप्पट करण्याइतकाच आहे, आणि दुकानात हे कोणी सांगत नाही.

खरा प्रश्न हा की तुझा आवाज लोकांपर्यंत कोण नेणार. मी अठरा वर्षं जत्रेत, मंडपात, हॉलमध्ये साउंड लावतोय. देवळासमोर पाचशे माणूस बसलेलं असतं, तिथे गिटारचा ॲम्प स्वतःच्या जोरावर मागच्या रांगेपर्यंत पोचवायचा प्रयत्न केलास तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका कानावर हात ठेवतात आणि गाणारीचे शब्द कोणालाच कळत नाहीत. तुझा ॲम्प तुझ्यासाठी आणि शेजारच्या दोघांसाठी. लोकांसाठी माझे बॉक्स आहेत. म्हणून छोटा ॲम्प घ्यायचा, त्याच्यापुढे माईक लावायचा किंवा लाईन आऊट (ॲम्पमधून थेट वायरने निघणारा सिग्नल) मिक्सरला द्यायचा, संपलं.

आता इथे एक गोष्ट नीट वाच, कारण यात भरपूर जण फसतात. बॉस कटाना ५० मार्क टू हा तुझ्या वजनात बसतो, ११.६ किलो, बारा इंची स्पीकर, आणि पॉवर अर्धा वॅट, २५ आणि ५० अशी बदलता येते त्यामुळे पडवीतही चालतो. पण त्याला मागे जो फोन्स / रेकॉर्डिंगचा जॅक आहे त्यात वायर घातली की स्पीकर बंद होतो. म्हणजे मिक्सरला लाईन दिलीस की स्टेजवर तुला स्वतःचं काहीच ऐकू येणार नाही. कटाना १०० ला वेगळं लाईन आऊट आहे, स्पीकर चालू राहतो, पण तो १४.८ किलो. तुझ्या डॉक्टरांचं ऐकायचं तर ५० घे आणि पुढे माईक लावायला सांग. साधा एसएम ५७ माईक कुठल्याही साउंडवाल्याकडे असतो, जाळीपासून दोन बोटं लांब, स्पीकरच्या कागदी कोनच्या मध्यापासून थोडा बाजूला, की आवाज टोचत नाही.

आणि कृपा करून ॲम्प जमिनीवर ठेवू नको. प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेव, मागे थोडा कलता. जमिनीवर ठेवलेला ॲम्प तुझ्या पोटऱ्यांना ऐकू येतो, मग तू वाढवत जातोस आणि समोरच्या माणसाच्या कानात भाला घुसतो. नुसता उचलून कानाकडे वळवलास तरी आवाज निम्म्यावर आणशील.

शॅक_संध्याकाळ

दादा, मी एकटी गिटार घेऊन गाते, सीझनमध्ये आठवड्याला चार-पाच संध्याकाळी, तेव्हा वाळूतल्या चालण्याबद्दल मी सांगू शकते. माझ्याकडे रोलँड क्यूब स्ट्रीट ईएक्स आहे. साडेसात किलोच्या आत, ५० वॅट, दोन आठ इंची स्पीकर, गिटार आणि माईक दोन्ही त्यातच लागतात, आणि आठ पेन्सिल सेलवर चालतो. सेलवर चालणं ही चैन वाटेल पण आपल्याकडे नाही वाटणार, पावसाच्या सुरुवातीला लाईट गेली की सगळा शॅक थांबतो आणि माझं गाणं चालू राहतं. रिचार्जेबल सेलचे दोन संच ठेवा, एक चार्जरवर, एक ॲम्पमध्ये.

आठ इंची चालतो का विचारलंत. एकटीला, टेबलांमध्ये, हो, उत्तम. पण समुद्रावर भिंत नसते हे लक्षात घ्या, तुमच्या पडवीत कोपऱ्यात ठेवलेला ॲम्प जो गोल, भरलेला आवाज देतो तो अर्धा भिंतीचा असतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात आणि खर्ज तर वाराच घेऊन जातो. म्हणून घरचं सेटिंग तिथे चालत नाही, तिथे गेल्यावर बेस थोडा वाढवून बघावा लागतो. कहोन आणि घुमटासोबत मात्र हा मला कमी पडला, एकदा मित्रांबरोबर वाजवलं तेव्हा मी काय वाजवतेय हे माझं मलाच समजेना. आणि तुम्हाला हवाय तो तुटणारा आवाज यात फार छान येत नाही, क्लीन मात्र गोड आहे.

आणखी एक, रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे. बंद हॉलला सूट आहे, शॅकला नाही. त्यामुळे आवाज खाली आणला तरी चांगला राहील असाच ॲम्प हवा, साडेनऊनंतर मालक स्वतः येऊन सांगतो ताई जरा कमी करा, आणि काही ॲम्प कमी केले की पार मेलेले वाटतात.

म्हापशाचा_व्हॉल्व्ह

मी ट्यूबवाला आहे आणि राहणार. साउंडवाल्या दादांनी सांगितलेलं गणित सगळं बरोबर, पण हाताखाली जी दाब दिल्यावर दबणारी, सोडल्यावर उमलणारी भावना असते ती मला अजून कटानात मिळालेली नाही, हे मनापासून सांगतो.

तरी वजन का असतं ते समजून घे म्हणजे दुकानात फसणार नाहीस. ट्यूब ॲम्पमध्ये दोन लोखंडी ट्रान्सफॉर्मर असतात, एक वीज वाढवणारा आणि एक स्पीकरसाठी, खरं वजन त्यांत आणि स्पीकरच्या मॅग्नेटमध्ये. लोक सांगतात निओडिमियमचा स्पीकर टाक, त्याने दोन-तीन किलो उतरतात, पण वीसचा सतरा झाला तर तुझ्या पाठीला काय फायदा. हलके ॲम्प हलके असतात कारण त्यात क्लास डी (कमी तापणारं, छोटं सर्किट) असतो आणि मोबाईलच्या चार्जरसारखा स्विचिंग सप्लाय, ट्रान्सफॉर्मर एवढासा. याचं उत्तम उदाहरण म्हणजे फेंडरचा टोन मास्टर डीलक्स रिव्हर्ब, २०१९ साली आला. मूळ ट्यूबवाला साधारण १९ किलो, हा साडेदहाच्या आत, मागे पॉवर २२ पासून ०.२ वॅटपर्यंत उतरवायचा स्विच, आणि मिक्सरला द्यायला एक्सएलआर लाईन आऊट. डोळे मिटून ऐकलं तेव्हा मला दोघांतला फरक सांगता आला नाही, आणि हे मी लिहितोय म्हणजे विचार कर. तुझ्या बजेटच्या मात्र खूप वर आहे.

बजेटमध्ये दुसरा रस्ता, ॲम्पचा डबा (हेड) आणि स्पीकरची पेटी वेगळी. व्हॉक्स एमव्ही ५० हे हेड अर्ध्या किलोच्या आसपास आहे, गिटारच्या बॅगच्या पुढच्या खिशात मावतं. ऑरेंज मायक्रो टेररही किलोच्या आत. सोबत एक बारा इंची हलकी पेटी सुताराकडून प्लायवूडची करून घे. फक्त ओहम (स्पीकरचा विजेला होणारा अडथळा) बघ. एमव्ही ५० चे ५० वॅट हे ४ ओहमवर, ८ ओहमच्या पेटीवर २५ आणि १६ वर साडेबारा. सांगितल्यापेक्षा कमी ओहमची पेटी लावू नको, ॲम्प जळतो. जास्त ओहमची लावलीस तर नुसता आवाज थोडा कमी.

मामाचा ॲम्प विकू नको बरं का. घरी ठेव, आणि स्पीकर जोडल्याशिवाय कधी चालू करू नको, ट्रान्सफॉर्मर जातो.

फोंड्याची_तार

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. मामाचा ॲम्प विकण्याचा प्रश्नच नाही.

दोन गोष्टी अजून. घुमट आणि माझी गिटार एकमेकांत गुंततात, विशेषतः घुमटवाला तळहाताने तोंड झाकून तो खोल आवाज काढतो तेव्हा माझे खालचे सूर गायबच होतात. आणि दुसरं, मागच्या वर्षी एका जत्रेत जनरेटरवर वाजवत होतो, मी कोरस म्हणायला माईकजवळ गेलो आणि ओठाला असा झटका बसला की डोळ्यांपुढे पांढरं झालं. हात तारांवर होता. तेव्हापासून माईकपासून एक वीत लांब उभा राहतो, ताई ओरडते की तुझा आवाज येत नाही. हे ॲम्पमुळे होतं का?

डिचोलीचा_साउंडवाला

झटक्याचं आधी, कारण याने माणसं गेलेली आहेत आणि हे हसण्यावारी न्यायचं नाही. गिटारच्या तारा वायरमधून ॲम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात, ॲम्पची बॉडी तिसऱ्या पिनने अर्थिंगला. माईकची जाळी मिक्सरमार्गे दुसऱ्या अर्थिंगला. जनरेटरला अर्थिंगचा खांब ठोकलेला नसेल, किंवा कोणीतरी तिसरी पिन मोडलेल्या एक्स्टेन्शनवर तुझा ॲम्प लावला असेल, की या दोघांमध्ये करंट उभा राहतो आणि त्या दोघांना जोडणारी वायर तू. पाऊस पडून गेलेला, पाय अनवाणी, देवळाचं आवार, मग तर विचारूच नको.

तर नियम असा की स्टेजवरचं सगळं, ॲम्प, कीबोर्ड, मिक्सर, एकाच अर्थिंग असलेल्या लाईनवरून घ्यायचं. वाजवायच्या आधी साधा टेस्टर तारांना आणि मग माईकच्या जाळीला लावून बघायचा, दिवा लागला तर कार्यक्रम थांबव, आयोजक काय म्हणतो ते म्हणू दे. माईकवर स्पंजची टोपी घाल, ओठ आणि लोखंड यांच्यामध्ये तेवढं तरी राहतं. आणि हम (स्पीकरमधून येणारी घूं) येतोय म्हणून कोणी तिसरी पिन काढायला सांगितली तर त्याला स्टेजवरून खाली उतरव. हम घालवायला डीआय बॉक्सवर (वाद्य मिक्सरला जोडायची डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते ऑडिओच्या वायरचं ग्राउंड सोडतं, विजेचं नाही.

आता घुमट. घुमटाची जागा खाली आहे, ती त्याला दे. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला असते, पण बँडमध्ये तुझं काम तिथे नाहीच. बेसचा नॉब घरी एकट्याने वाजवताना जिथे बरा वाटतो त्याच्या बराच मागे आण आणि मिड पुढे घे. एकट्याला तो आवाज पातळ वाटेल, नाकातून आल्यासारखा. चौघं मिळून वाजवायला लागलात की तोच बरोबर बसेल. ॲम्प विकत घेताना म्हणूनच दुकानात एकट्याने बसून ठरवू नको, घुमटवाल्याला बरोबर ने.

शॅक_संध्याकाळ

पावसाळ्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. जून ते सप्टेंबर ॲम्प जाड रेक्झिनच्या कव्हरात गच्च बांधून ठेवू नका, आत दमट हवा अडकते. माझ्या आधीच्या ॲम्पच्या जॅकवर हिरवा थर आला होता आणि वायर हलवली की खरखर. सुती चादर टाका, भिंतीपासून लांब, जमिनीपासून वर, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवा, आतली ऊब पुरते. समुद्रावरून आल्यावर जॅक आणि जाळी कोरड्या फडक्याने पुसा, खारी हवा त्याच रात्री काम सुरू करते.

फोंड्याची_तार

अपडेट देतो. काल पडवीत तीन तास घालवले. ओळखीच्या एकाकडून कटाना ५० मार्क टू आणला आणि व्हॉल्व्हदादांनी सांगितलेलं एमव्ही ५० दुसऱ्या एकाकडून, ते मामाच्या ॲम्पच्या स्पीकरला लावलं (८ ओहम आहे, आधी बघून घेतलं).

एमव्ही ५० चा तुटणारा आवाज मला जास्त आवडला, खोटं कशाला बोलू. पण स्कूटरवर हेड, पेटी, मधली वायर, रिव्हर्बसाठी वेगळं पेडल, असं चार वस्तूंचं गाठोडं होतं, आणि अंधारात शॅकवर जोडाजोडी करताना एखादी घरी राहणारच. कटाना खुर्चीवर ठेवला, कलता, २५ वॅटवर, व्हॉल्यूम निम्म्याच्याही खाली, बेस जवळजवळ बंद. पहिली दोन मिनिटं मला रडू येईल असा पातळ वाटला. मग घुमट सुरू झालं, कहोन आलं, ताईने अभंगाचा मुखडा घेतला, आणि पहिल्यांदाच मला माझा प्रत्येक सूर ऐकू आला. घुमटवाल्याने वाजवणं थांबवून विचारलं की तू आज काय वेगळं वाजवतोयस. मी काहीच वेगळं वाजवत नव्हतो.

ॲक्टिव्हावर पायाजवळ ठेवून पाहिला. बसतो, गुडघे थोडे बाहेर काढावे लागतात. पडवीच्या पायऱ्या उतरून गेटपर्यंत उचलून नेला आणि परत आणला, पाठीने तक्रार केली नाही.

तर कटाना ५०, सेकंडहँड. म्हापशात एक आहे असं कळलंय, रविवारी बघायला जातोय. जुना घेताना काय काय तपासू?

म्हापशाचा_व्हॉल्व्ह

सगळे नॉब एकदा पूर्ण फिरव, खरखर येते का ऐक. जॅकमध्ये वायर घालून हळू हलव. आवाज पूर्ण बंद करून पंधरा मिनिटं चालू ठेव, मग खालची जाड तार जोरात मार, कोन फाटलेला असेल तर फरफर येईल. मागचं यूएसबी कॉम्प्युटरला लागतं का तेही बघ, आवाजाचे बारीक बदल त्यातूनच करायचे असतात. रविवारी मी इथेच आहे, दहाच्या आत येत असशील तर मीही येतो, माझा टेस्टर आणि एक चांगली वायर घेऊन.